सातवा नग

व्हिएन्नात नोव्हेंबरचे दिवे चारलाच लागतात.
लिलावघराच्या तळमजल्यावर माझं टेबल:
हिरवी बनात, काटा, भिंग,
आणि पांढरे हातमोजे, जे सोळा वर्षांत
एकदाही माझ्या मापाचे आले नाहीत.
लोकांच्या सोन्याचं वर्णन लिहायचं, हा माझा पगार.

आज पेटीतून हे निघालं.
साडेतीन ग्रॅमला जेमतेम उणं.
लिंत्सकडच्या एका घरातून आलंय,
शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर होतं म्हणे.

नव्या पोरांना मी सांगते,
नमुन्याचं नाणं म्हणजे
टांकसाळीने राजाला विचारलेला प्रश्न.
बहुतेकदा उत्तर येतं: नको.
मग साचा फोडायचा,
पाडलेले चार-सहा नग एखादा मंत्री खिशात घालून नेतो,
आणि शे-दीडशे वर्षांनी त्या नकाराला
होकाराच्या हजारपट भाव येतो.
होकार मिळालेली नाणी काय, राबली.
मीठ आणलं, भाडं भरलं, पत्त्यांत गेली,
कुणाच्या तरी कर्णफुलांत वितळली.
ही तेवढी बसून राहिली
मोडलेल्या लग्नातल्या शालूसारखी,
घडी न मोडता.

इग्नाझ पिर्करने राजा कोरला तो हसरा.
फार नाही हो,
ओठाच्या डाव्या कोपऱ्यात
केसाएवढी रेघ वर गेलेली.
दरबारातून चिठ्ठी आली,
पैशावरचा राजा हसत नसतो.
तोवर सोन्यात सात पाडून झाले होते.

सहा डॉक्टर वेसेलींकडे आहेत.
दातांचे डॉक्टर. हात कापायला लागला तशी पाटी उतरवली.
चाळीस वर्षं गावाच्या दाढांत सोनं भरलं
आणि त्या मिळकतीतून असं सोनं जमवलं
जे कुणाच्या हाताला लागलं नव्हतं.
"बाजार पाहिलेलं नाणं मला दाखवूसुद्धा नका,"
मला एकदा म्हणाले होते,
आणि बोलता बोलता माझ्या कपातली कॉफी पिऊन गेले.

मी भिंग लावलं.
हसू नव्हतं.
गाल सपाट, कानाची नुसती खूण,
आणि ओठ? किती अंगठे फिरले असतील,
ती रेघच पुसून गेलेली.
ज्यासाठी नाकारला तेच झिजून
राजा इतर राजांसारखा झाला होता.
म्हणजे सातातला एक निसटला.
कुणीतरी तो खर्च केला,
कुणीतरी मोड दिली,
संध्याकाळी गल्ल्यात मोजला.

डॉक्टर आले. ओला ओव्हरकोट, छत्री ठिबकत.
मी आधीच बोलून टाकलं:
"तुमच्या उपयोगाचं नाही, फार वापरलंय,
शिवाय कडेला, इथे, खड्डा आहे."

त्यांनी चेहऱ्याकडे बघितलंच नाही.
खड्डा दिव्याखाली धरला,
नाणं फिरवलं, परत फिरवलं.
"वरचा डावा सुळा," म्हणाले.
"कोवळा आहे. वीस-बावीसचं वय.
किंचित वळलेला, इथे बघा, तिरका उतरलाय.
असा दात असलेली माणसं
हसताना तोंडावर हात धरतात."

मग त्यांनी हातमोजा काढला.
मी नियम सांगायला हवा होता.
थरथरत्या उघड्या तळव्यावर ते नाणं
कितीतरी वेळ हललं, वाजलं नाही.
"बाईच असेल," स्वतःशीच म्हणाले,
"राजाला पटलं नाही,
हिने चावून पाहिलं
आणि ठेवून घेतलं."

बोली कितीपासून, ते विचारलं.
आकडा ऐकून मान हलवली,
हो की नाही, कळलं नाही. छत्री विसरून गेले.

स्थितीच्या रकान्यात मी लिहिलं होतं:
'झिजलेलं. कडेला इजा.'
'इजा' खोडलं.
दुसरा शब्द अजून सुचलेला नाही,
आणि छापखाना सहाला बंद होतो.